अगं आई, अहो आई आणि काशीतला मुक्काम

आमच्या घरात दोन आया आहेत. एक माझी, तिला मी ‘अगं आई’ म्हणते. दुसऱ्या नवऱ्याच्या, त्यांना ‘अहो आई’. ऑफिसातून मी कोणाला फोन लावलाय हे शेजारच्या टेबलावर पहिल्याच शब्दाला कळतं. अगं आई ७३ वर्षांची, ठाण्यात चरईला राहते, अजून रोज सकाळी तलावपाळीला एक फेरी मारून कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन घरी येते. अहो आई ७८ च्या, आमच्याकडे मानपाड्याला. उजवा गुडघा बदललेला, डावा ‘बघू’ म्हणून ठेवलेला.

दोघींना काशीला न्यायचं हे सहा वर्षं नुसतंच बोलणं चाललं होतं. गेल्या वर्षी एकदाचं ठरलं आणि लगेच प्रश्न आला, उतरायचं कुठे? मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे डोक्यात काहीही शिरलं की त्याची एक्सेल शीट होते. हॉटेलचं नाव, भाडं, नाश्ता, कमोड, लिफ्ट, देवळापासूनचं अंतर. बेचाळीस ओळी झाल्या. नवऱ्याने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "यात गाव कुठाय? ही नुसती खोल्यांची यादी आहे."

राग आला. पण मुद्दा बरोबर होता, आणि तो मला त्याच्याआधी सुचायला हवा होता, कारण मी ते स्वतः भोगलंय. चरईत असताना दिवसातून सहा वेळा घराबाहेर पडणं व्हायचं. कोथिंबीर संपली, चला जांभळी नाक्यावर. डोकं तापलं, चला तलावपाळीला. गडकरीला नाटक असलं की अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत घरी चहा पीत बसता यायचं. २००९ मध्ये आम्ही मानपाड्याला आलो. घर मोठं, हवा खेळती, खिडकीतून येऊरचा डोंगर. आणि बाहेर पडणं दिवसातून एकदाच, तेही सगळी कामं एका पिशवीत बांधून, कारण घोडबंदर रोडला लागायचं म्हणजे किती वेळ जाईल त्याचा नेम नाही. ठाणं तेच. पण एखादा पाहुणा चार दिवस फक्त आमच्याकडे राहून गेला तर त्याला ठाणं म्हणजे एक उड्डाणपूल आणि त्याखालचे मेट्रोचे खांब एवढंच वाटेल.

तेव्हा शीट बंद केली आणि जेवणाच्या टेबलावर काशीचा नकाशा पसरला.

काशीचा नकाशा एकदा कळला की विसरत नाही. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. जुनं गाव सगळं पश्चिमेच्या काठावर, उंचावर, चंद्रकोरीसारखं वळलेलं. समोरच्या काठावर वाळू. म्हणून घाटावरून रोज सकाळी सूर्य थेट नदीपलीकडून वर येताना दिसतो, मधे एकही इमारत नाही. दक्षिणेला अस्सी, उत्तरेला राजघाट आणि त्यापुढे आदिकेशव, मधे साडेसहा-सात किलोमीटरमध्ये चौऱ्याऐंशी घाट. नदीला समांतर आत एक मोठा रस्ता आहे, अस्सीवरून सोनारपुरा, गोदौलिया, चौक करत मैदागिनपर्यंत जाणारा. हा रस्ता आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत सगळ्या गल्ल्या. गाडी येते ती रस्त्यापर्यंत, गर्दीच्या भागात तर तिथपर्यंतही नाही. पुढे पाय. म्हणजे तुमचा मुक्काम कसा हे दोन आकड्यांवर ठरतं: घाटापासून किती पायऱ्या वर आणि रस्त्यापासून किती गल्ल्या आत. माझ्या शीटमध्ये या दोन्हींचा रकाना नव्हता.

सल्ले भरपूर मिळाले. सोसायटीच्या गेटपाशी इस्त्रीचं टेबल मांडणारे चाचा जौनपूरचे. काशी त्यांना साठेक किलोमीटर. त्यांचं मत ठाम: "घाट पे ही रहिए मैडम. बनारस में और है क्या?" ऑफिसातल्या एकांनी कॅन्टोन्मेंट सुचवलं, स्वच्छ, ऐसपैस, गाडी दारात. पुण्याच्या मावशीने तर हुकूमच सोडला की लाहोरी टोल्यात राहा, दार उघडलं की विश्वनाथ. मावशी २०१६ साली जाऊन आलेली. मी नकाशावर लाहोरी टोला शोधत बसले आणि मग लक्षात आलं की तो मोहल्लाच आता उरलेला नाही. विश्वनाथ धामासाठी देवळाभोवतीच्या गल्ल्या पाडल्या, आणि १३ डिसेंबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा तिथे देवळापासून थेट गंगेपर्यंत मोकळं दगडी आवार होतं. मावशीला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली. "आणि ते कचोरीवाले?" एवढंच विचारलं तिने. जुन्या शहरातल्या मुक्कामाचा सल्ला घेताना सल्ला किती साली शिजलाय हे आधी विचारावं.

कॅन्टोन्मेंट मी लगेच खोडलं. वाईट म्हणून नव्हे. घाटापासून पाचेक किलोमीटर, म्हणजे काशीतलं मानपाडा.

दशाश्वमेध-गोदौलियावर मात्र दोन रात्री वाद झाला. नवऱ्याला तेच हवं होतं. संध्याकाळची आरती तिथे, विश्वनाथ तिथून चालत, चाट, लस्सी, साड्या सगळं पायाशी. पण ज्या कारणासाठी ती जागा चांगली त्याच कारणासाठी ती अवघड. जो कोणी काशीला येतो तो तिथेच येतो. आरती सुटली की माणसांचा लोंढा एकदम गोदौलियाच्या दिशेने निघतो, आणि त्या वेळी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड धरून चालणाऱ्या अहो आई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. जांभळी नाक्यावर दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू आणायला गेलेल्याला मी काय म्हणते ते कळेल. मी म्हटलं, आरतीला जाऊ, पण झोपायला तिथे नको.

मधल्या भागावर माझा खरा जीव होता. केदारघाट, त्यामागचा बंगाली टोला, हनुमान घाटाचा परिसर. काशीत प्रत्येक प्रांताने आपापला कोपरा धरलेला आहे. बंगाल्यांचा टोला, हनुमान घाट-केदारघाटाकडे दक्षिणेकडची मंडळी, ललिताघाटावर नेपाळ्यांचं लाकडी देऊळ, चौखंब्याकडे गुजराती. केदारघाटाजवळ सकाळी इडली मिळते म्हणे, आणि दशाश्वमेध चालत वीस मिनिटांवर. सगळं जमत होतं. पण दोन घाट सोडून हरिश्चंद्र घाट. अहो आईंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हे स्मशान ना?" हो म्हटलं. "मग नको. तिकडे जायचंच आहे की एक दिवस, आत्तापासून शेजारी कशाला?" पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

राहिली दोन टोकं. दक्षिणेचं अस्सी आणि उत्तरेकडचा पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाटाचा भाग.

अस्सी म्हणजे मोकळं. ई-रिक्षा घाटाच्या अगदी जवळ येते, घाट रुंद, विद्यापीठ जवळ असल्यामुळे तरुण पोरांची वर्दळ, कॉफी मिळते, लिफ्टवाली हॉटेलं आहेत. पहाटे तिथे ‘सुबह-ए-बनारस’ असतं, आधी आरती, मग शास्त्रीय गाणं. संकटमोचन, दुर्गाकुंड, तुळशीदासांचा तुळशीघाट सगळं त्या बाजूला. झाशीच्या राणीचं जन्मस्थानही तिथेच, भदैनीला. तोटा एकच, विश्वनाथ अडीच-तीन किलोमीटर लांब.

आणि उत्तरेचं टोक हे अगं आईचं. तिच्या आजोबांनी काशी केली होती. जाताना सगळ्यांचा निरोप घेऊन गेलेले, परत येताना गंगेचा सीलबंद गडू घेऊन आलेले. तो गडू तिच्या माहेरच्या देवघरात कित्येक वर्षं होता. आजोबा दुर्गाघाटाला एका मराठी उपाध्यायांच्या वाड्यात उतरले होते, एवढीच माहिती घरात होती, आणि तेवढ्यावर अगं आईने ठरवून टाकलेलं की उतरायचं तर दुर्गाघाट. तिचा हट्ट नुसता भावनेचा नव्हता. त्या काठावर पेशवाईपासून मराठी माणसांची वस्ती आहे, आणि त्याच्याही आधीपासून पैठणची भट्टांची घराणी काशीत. गागाभट्ट त्यांच्यातलेच. ते १६७४ ला रायगडावर आले ते इथून. पैठणच्याच नाथांनी भागवतावरची टीका पुरी केली तीही काशीतच.

तारखांनी मधेच दगा दिला. मला देवदिवाळीची गर्दी टाळायची होती. आपली देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणून मी शहाणपणाने त्याच्या पंधरा दिवस आधीचा आठवडा धरला. दीड हजाराची खोली नऊ हजार दाखवायला लागली तेव्हा डोळे उघडले. काशीची देव दीपावली म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. मी नेमकी तीच गाठली होती! पुढे सरकून डिसेंबरचा पहिला आठवडा घेतला.

शेवटी तोडगा असा निघाला: तीन रात्री अस्सी, अहो आईंच्या गुडघ्यासाठी. दोन रात्री दुर्गाघाट, अगं आईच्या आजोबांसाठी. नवरा म्हणाला, पाच दिवसांत दोनदा बॅगा भरणार तूच. मी भरल्या.

बाबतपूर विमानतळावरून अस्सीला टॅक्सीने सव्वा तास लागला. (महानगरी ठाण्याला थांबते म्हणून नवऱ्याचा रेल्वेचा आग्रह होता. दोन आयांना घेऊन चोवीस तासांहून जास्त मी बसणार नव्हते.) हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, कहाँ से? अहो आई पुढे होऊन ऐटीत म्हणाल्या, "हम थाने से आए हैं." मुलगा ताडकन उभा राहिला. "कौन से थाने से, माताजी?" आतून मालक आले. आम्हाला हसू आवरेना, आणि अहो आईंना आपण काय गुन्हा केला तेच कळेना. त्यानंतर पाच दिवस आम्ही मुंबईचे होतो. ठाणेकराला याहून मोठी शिक्षा नाही.

त्या खोलीचं भाडं छत्तीसशे, कारण ती ‘गंगा दर्शन’ खोली. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी दिसायची. नवरा स्टुलावर चढला तेव्हा टाकीच्या डावीकडून गंगेचा एक हातभर तुकडा दिसला. मागच्या बाजूची खोली सव्वीसशेला होती आणि तिच्या खिडकीत कडुनिंब होता. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. खिडकीतली गंगा हा पैसे टाकायचा विषय नाही, एवढं मी आता कोणालाही छातीठोक सांगेन. गंगा बाहेर पडलं की आहेच.

आणि बाहेर पडणं होत होतं. पहिल्या पहाटे पावणेपाचला अगं आई तयार होऊन माझ्या डोक्याशी उभी. चारशे पावलांवर घाट. धुकं होतं, समोरची नदी दिसत नव्हती, नुसती जाणवत होती. आरती झाली, मग एक मुलगी तानपुऱ्यावर भैरव गायला लागली, आणि अगं आई, जिला दुर्गाघाटाशिवाय काही नको होतं, ती पायरीवर शाल गुंडाळून साडेसातपर्यंत हलली नाही. मी मधे दोनदा हॉटेलवर जाऊन आले, एकदा अहो आईंना चहा द्यायला, एकदा त्यांचा स्वेटर आणायला. चरईसारखं. हीच तर गंमत मला हवी होती, की एखादी गोष्ट विसरली तर परत जाता यावं.

अहो आई मात्र अस्सीला रमल्या नाहीत. लिफ्ट होती, गरम पाणी होतं, कमोड होता. "सगळं आहे गं, पण बोलायला कोणी नाही," म्हणाल्या. हॉटेलात सगळी पोरं, आणि ती आपापल्या फोनमध्ये. विश्वनाथाच्या दर्शनाला सकाळी सहाला ई-रिक्षाने निघालो, पुढचं चालत. मोबाइल आत नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवण्यातच अर्धा तास गेला. सल्ला म्हणून सांगते, फोन हॉटेलवरच ठेवून जा. आताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलेलं, वरचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. दर्शन झालं, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. तो भाग ज्याचा त्याचा.

चौथ्या दिवशी मुक्काम हलवायचा होता. आणि इथे मला ती कल्पना सुचली जिच्याबद्दल घरात अजून बोलतात. गाडीने सोनारपुरा, गोदौलिया, वळसा घालून मैदागिन आणि मग गल्लीतून सामान ओढत जाण्यापेक्षा नावेनेच का जाऊ नये? अस्सीला बसायचं, प्रवाहाबरोबर खाली, दुर्गाघाटाला उतरायचं. नावाड्याने दोन हजार सांगितले, बाराशेला तयार झाला. चार बॅगा, एक काठी, एक कमोडची घडीची खुर्ची आणि आम्ही.

घर बदलताना टेम्पोत बसून पाहिलेलं ठाणं मला आठवत नाही, पण तो दीड तास आठवतो. तुळशीघाट, चेतसिंहाचा किल्ल्यासारखा घाट, हरिश्चंद्र (अहो आईंनी तोंड दुसरीकडे केलं आणि हात जोडले), केदारचे लाल-पांढरे पट्टे. मग दरभंग्याचा महाल, अहिल्याबाई घाट, दशाश्वमेध, जयसिंहाची वेधशाळा असलेलं मानमंदिर. मणिकर्णिकेपाशी लाकडाचे ढीग आणि धूर. नावाड्याने वल्हं थांबवलं नाही, बरं झालं. त्याच्या पुढे सगळा नकाशाच मराठी होत जातो. शिंदे घाट, ज्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचं देऊळ कललेलं उभं आहे. बायजाबाई शिंद्यांनी बांधायला घेतलेला तो घाट स्वतःच्याच वजनाने खचला, पुढे परत बांधावा लागला. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. मग जटार घाट. "जटार? आपले?" अगं आईने विचारलं. आपलेच, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडचे. मग बालाजी घाट, जिथल्या देवळात बिस्मिल्ला खाँ रियाज करायचे. मग पंचगंगा, वर बिंदुमाधव, मंगळागौरी. अगं आई नावं ऐकत होती आणि दर नावाला एखादं आडनाव ओळखीचं निघावं तशी मान डोलवत होती.

आणि मग दुर्गाघाट आला, आणि मी मान वर केली.

चौऱ्याण्णव पायऱ्या. पुढे मोजल्या म्हणून माहीत. त्या क्षणी फक्त एक भिंत दिसली, दगडी, आकाशापर्यंत गेलेली. मी भाडं पाहिलं, अंतर पाहिलं, नावेचा भाव पाडला, आणि गुडघा विसरले. ज्या गुडघ्यासाठी तीन रात्री अस्सीला काढल्या, तोच. नवरा माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

नावाड्याच्या मुलाने वाट काढली. वरच्या एका चहावाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली. पोरगा खुर्ची घेऊन बारा पायऱ्या पुढे, मग अहो आई, एका बाजूला मी, एका बाजूला नवरा. खुर्चीपर्यंत पोचल्या की बसायच्या, नदीकडे बघायच्या, आणि पोरगा रामरक्षा संपायची वाट बघितल्यासारखा उभा. मग पुन्हा बारा. पाऊण तास. सहाव्या बैठकीला त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "इथून गंगा छान दिसते. तुझ्या त्या छत्तीसशेच्या खोलीपेक्षा."

जागा जुन्या वाड्यात होती. बुकिंगमध्ये ‘लिफ्ट आहे’ लिहिलेलं. लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची चौदा पायऱ्या चढून गेल्यावर, कारण पुराचं पाणी नको म्हणून जोतंच उंच. मी तोंड उघडलं होतं भांडायला, पण पंधराशेत तळमजल्याची, मालकांच्या स्वतःच्या वापरातली खोली मिळाली आणि मी तोंड मिटलं. गरम पाणी सहा ते आठच. अगं आईला फरक पडला नाही, ती पहाटे गंगेवर. चौऱ्याण्णव उतरायची, चौऱ्याण्णव चढायची, दोन्ही दिवस. आजोबांच्या वाड्याची चौकशी केली. उपाध्यायांचं आडनाव माहीत नाही, साल माहीत नाही, काय सापडणार? ती म्हणाली, "कुठल्याशा पायरीवर तर ते बसले असतील." आणि एका पायरीवर बसली.

अहो आईंनी जाहीर केलं की आता त्या घाटाकडे उतरणार नाहीत. मला वाटलं, झालं, दोन दिवस खोलीत. पण वाड्याला दाराबाहेर ओटा होता. दगडी, गुळगुळीत, बसायला कमरेइतक्या उंचीचा, म्हणजे नव्या गुडघ्याला अगदी बरोबर. सकाळी साडेआठला त्या तिथे जाऊन बसल्या ते जेवायलाच उठल्या. गल्ली जेमतेम दोन माणसांची. दूधवाला, शाळेची पोरं, एक धिप्पाड सांड जो रोज ठरल्या वेळी यायचा आणि ज्याच्यासाठी सगळे भिंतीला चिकटायचे, फुलं घेऊन जाणाऱ्या बायका. समोरच्या दारातल्या आजीबाई दहाच्या सुमाराला आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुम्ही लोक कुठून आले?" त्यांच्या कितव्यातरी पिढीतले काशीला आलेले. मराठी आपलीच, फक्त चाल हिंदीची. अहो आई या वेळी सावध होत्या. म्हणाल्या, "मुंबईजवळून." संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, आले होते आणि इकडून थेप्यांसारखी मी ठाण्याहून बांधून आणलेली दशमी गेली होती.

मी आणि नवरा त्या दोन दिवसांत चौखंब्यातून ठठेरी बाजारापर्यंत किती वेळा गेलो त्याची गणती नाही. सकाळी कचोरी-भाजी आणि मातीच्या कुल्हडातली मलइयो. हिवाळ्यातच मिळते, दुधाचा नुसता केशरी फेस, तोंडात घातला की काय खाल्लं याचा पुरावा उरत नाही. दुपारी पितळेचा एक छोटा दिवा. संध्याकाळी पुन्हा उगाच. एकदा चुकलो आणि कालभैरवाच्या रांगेत निघालो, मग दर्शनच घेतलं. गल्लीत मधेच ‘राम नाम सत्य है’ ऐकू यायचं, आपण बाजूला व्हायचं, तिरडी जायची, दुकानदार पुन्हा भाव सांगायला लागायचा. पहिल्या वेळी मी थिजले होते. चौथ्या वेळी मीच एका नवख्या जोडप्याला हाताने बाजूला घेतलं.

आता कोणी विचारलं तर काय सांगते? दोन टोकांना राहणं मला आवडलं, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर एकच जागा घ्या, बॅगा भरण्यात त्यांचा अर्धा दिवस आणि सगळा धीर जातो. हॉटेलला फोन करून तीनच गोष्टी विचारा: ई-रिक्षा कुठपर्यंत येते, तिथून गल्लीत सपाट चाल किती, आणि खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, लिफ्टच्या आधीच्या धरून. ‘घाटापासून दोन मिनिटं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, ते खाली जायचं असतं. दुर्गाघाटाला जायचं तर मैदागिनकडून गल्लीने जा, नावेने नको. पावसाळ्यात तर यातलं काहीच लागू नाही. पाणी चढलं की खालचे घाट बुडतात, घाटाघाटाने चालता येत नाही, नावा बंद होतात, आणि आरतीसुद्धा वर सरकते. तेव्हा रस्त्याजवळच राहावं. आणि कमोड आहे का हे फोटोत बघा, शब्दात नको.

परत आल्यावर रविवारी कपडे घेऊन खाली गेले. चाचांनी विचारलं, कहाँ ठहरे? मी सगळं सांगितलं, अस्सी, मग दुर्गाघाट, चौऱ्याण्णव पायऱ्या, ओटा. म्हटलं, तुमचंच ऐकलं, घाटावर राहिलो. तुम्ही बनारसला गेलात की कुठे उतरता?

"हम?" चाचा हसले. "हम तो आज तक रुके ही नहीं मैडम. भोर की गाड़ी से जाते हैं, नहाते हैं, दर्शन करते हैं, शाम की गाड़ी से घर." मग इस्त्रीचा कोळसा हलवून त्यांनी हळूच विचारलं, "वैसे एक रात का कितना लिया?"

मी पंधराशे सांगितले. छत्तीसशेचं बोलले नाही.